दिवाळी अंकाचं साहित्य स्पॅममध्ये का जातं, आणि कॅप्चा काढला तर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा. एका छोट्या दिवाळी अंकाचे संपादक लिहितात: साहित्य पाठवण्यासाठी संकेतस्थळावर फॉर्म ठेवलाय. आधी त्यावर वेडीवाकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा होता, आता चित्रं ओळखायचा आहे. ज्येष्ठ लेखक वैतागून फोन करतात की तुमचं मशीन मला माणूस मानायलाच तयार नाही. एवढं करूनही फॉर्ममधून कचरा येतोच. उलट चांगल्या कथा-कविता स्पॅममध्ये निघतात, काही तर कुठेच निघत नाहीत. मशीनला मराठीचं वावडं आहे का? आणि कॅप्चा काढून टाकला तर काय होईल?

काढून टाका. छोटे प्रकाशक, वाचनालयं, संस्था यांची संकेतस्थळं आणि मेल सांभाळणं हाच माझा धंदा आहे, आणि अशा फॉर्मवरचा कॅप्चा काढायला मी बिनदिक्कत सांगतो. त्याच्या जागी काय ठेवायचं ते पुढे येईलच. पण तुम्ही दोन दुखणी एकात मिसळली आहेत. फॉर्मवर कचरा येणं हे एक, आणि आलेलं साहित्य हरवणं हे दुसरं. दुसऱ्याचा कॅप्चाशी काडीचा संबंध नाही. ते जास्त गंभीर आहे, म्हणून आधी ते बघू.

तुम्हाला एक काम सांगतो. ज्या लेखकांनी ‘फॉर्म भरला, धन्यवादाचा संदेशही दिसला’ असं सांगितलं आणि तरी तुमच्याकडे काहीच पोचलं नाही, त्यांची यादी काढा आणि त्यांचे मेलचे पत्ते बघा. त्यात याहूचे पत्ते बरेच निघाले तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे साठीच्या पुढच्या पिढीने पहिलं खातं याहू किंवा रेडिफवर उघडलं आणि पुष्कळांनी ते अजून सोडलेलं नाही.

कारण असं. लेखक फॉर्ममध्ये स्वतःचा पत्ता भरतो. बहुतेक फॉर्म असे जोडलेले असतात की तुमचा होस्टिंगचा सर्व्हर (संकेतस्थळ ज्यावर ठेवलंय तो भाड्याचा संगणक) एक मेल तयार करतो आणि ‘प्रेषक’ म्हणून लेखकाचाच पत्ता टाकतो, म्हणजे तुम्हाला थेट उत्तर देता यावं. हेतू चांगला आहे. पण पाकिटावर पाठवणारा साताऱ्याचा, सही साताऱ्याच्या माणसाची, आणि पोस्टाचा शिक्का मात्र भलत्याच गावचा, असं ते पत्र होतं. मेल घेणारा सर्व्हर याहूला विचारतो: हा पाठवणारा सर्व्हर तुमचा आहे का? याहू म्हणतं, नाही. आणि एप्रिल २०१४ पासून याहूने जगाला स्पष्ट सांगून ठेवलंय की आमच्या नावाने आलेला पण आमच्याकडून न निघालेला मेल सरळ नाकारा. तो स्पॅममध्येही पडत नाही, दारातूनच परत जातो. परत जातो तोही होस्टिंगच्या कुठल्यातरी खात्यात, जे कोणी कधी उघडत नाही. जीमेलच्या पत्त्यांबाबत धोरण इतकं कडक नाही, म्हणून त्या लेखकांचं साहित्य निदान स्पॅममध्ये सापडतं. तुमच्या ‘काही सापडतात, काही सापडत नाहीत’ या कोड्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

उपाय दहा मिनिटांचा आहे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये प्रेषकाच्या जागी तुमच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचा, पत्ता टाका आणि लेखकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात टाका. उत्तर द्यायला गेलात की ते लेखकालाच जाईल. मग होस्टिंगवाल्याकडून तुमच्या डोमेनला एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. पहिली नोंद सांगते की आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. दुसरी मेलवर डिजिटल सही करते. पहिल्या दोन्ही जुळल्या नाहीत तर मेलचं काय करायचं, ते तिसरीत लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनीही हे फारच मनावर घेतलंय. जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे पहिल्या दोनपैकी एक तरी नोंद हवी, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांकडे तिन्ही. तुम्ही त्या आकड्याच्या आसपासही नसाल, पण नोंदी करूनच टाका. ‘साहित्य मिळालं’ ही तुमची पोच लेखकाच्या स्पॅममध्ये पडत असेल तर तीही त्याने सुधारते.

हे करतानाच आणखी एक बघा, फॉर्ममधून आलेली नोंद संकेतस्थळाच्या डेटाबेसात साठते का? वर्डप्रेस या संकेतस्थळं बनवायच्या प्रणालीवर सर्रास वापरला जाणारा कॉन्टॅक्ट फॉर्म ७ हा प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) स्वतःहून काहीच साठवत नाही, मेल करून मोकळा होतो. मेल हरवला की साहित्य हरवलं. त्याच्या जोडीला फ्लेमिंगो नावाचा फुकट प्लगइन टाकला की प्रत्येक नोंद जागच्या जागी राहते. साहित्य मागवणाऱ्या कुठल्याही संस्थेने फक्त मेलच्या भरवशावर राहू नये, असं माझं ठाम मत आहे. मेल ही सूचना समजा, मूळ प्रत डेटाबेसात.

आता वावड्याचा प्रश्न. मराठी आहे म्हणून अडवा, असं कुठे कोणी लिहिलेलं नसतं. पण मराठीच्या मेलला वाटेत दोन-चार ठिकाणी उगाचच दंड बसतो, हे खरं आहे.

भाड्याच्या होस्टिंगवर मेल तपासायला स्पॅम असॅसिन हा जुना फुकट फिल्टर फार वापरतात. तो प्रत्येक मेलला गुण देतो. एकेका संशयास्पद गोष्टीचे गुण मिळवत ५ झाले की मेल स्पॅम. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचं असतं आणि जुन्या मेलच्या नळीतून ते जसंच्या तसं जाईलच याची खात्री नसते, म्हणून मेल पाठवणारा प्रोग्रॅम बरेचदा सगळा मजकूर बेस६४ या संकेतात गुंडाळतो, म्हणजे साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत बदलतो. इंग्रजी मेलला हे करावं लागत नाही. पूर्वी जाहिरातबाज लोक औषधांची नावं लपवायला हीच युक्ती वापरायचे, त्यामुळे फिल्टरमध्ये एक नियमच आहे: मजकूर बेस६४ ने लपवला आहे. म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे मेलवर नीट नोंदवलेलं नसेल, तर तुमच्या कवीने ‘श्रावण’ लिहिलं तरी त्याच्यावर काहीतरी लपवल्याचा आळ. याच फिल्टरमध्ये कोणत्या भाषांचे मेल येणं अपेक्षित आहे हे सांगायची सोय आहे. कोणीतरी तिथे फक्त इंग्रजी ठेवलं असेल तर दुसऱ्या लिपीलाही गुण पडतात. एकट्याने कोणताच नियम मेल बुडवत नाही, पण नवं डोमेन, डीकिम नाही, त्यात बेस६४, अशी बेरीज पाचाला कधी टेकते ते कळत नाही. सापडलेल्या एखाद्या मेलचं ‘मूळ स्वरूप’ उघडून हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक नोंदी, बघा. कुठल्या नियमाचे किती गुण पडले ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते वाचलेलं बरं.

हे नियम माणसांनीच लिहिलेले असतात आणि माणसं पुढचं फार बघत नाहीत. याच फिल्टरमध्ये ‘तारीख फार भविष्यातली आहे’ असा एक नियम होता. लिहिणाऱ्याने भविष्य २०१० पासून सुरू होतं असं धरलं होतं. १ जानेवारी २०१० ला जगभरातल्या साध्यासुध्या मेलना त्याचे गुण पडायला लागले. नवीन वर्षाच्या शुभेच्छा स्पॅममध्ये!

जुन्या फॉन्टचं दुखणं तर खास आपलं. पुष्कळ लेखक आणि त्यांचे टंकलेखक अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतात आणि तोच मजकूर फॉर्ममध्ये चिकटवतात. त्यांच्या पडद्यावर मराठी दिसतं, पण आत असते रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फिल्टरला ती बरळ वाटते आणि त्याचं काही चुकत नाही, कारण तुम्हालाही ती बरळच दिसते. फॉर्मवर ठळक लिहा: मजकूर युनिकोडमध्येच द्या, नाहीतर पीडीएफ जोडा.

आणि शब्दांच्या याद्या. तुमच्या संकेतस्थळावर आधीच्या कोणी ‘नको असलेल्या शब्दांची’ यादी भरून ठेवली असेल तर ती आजच रिकामी करा. वर्डप्रेसची अशी यादी शब्दाच्या पोटातही शोधते. इंग्रजी शिवीचा चार अक्षरी शब्द त्यात असला की दीक्षित, हर्षिता, रक्षित ही सगळी मंडळी बाद, कारण रोमन स्पेलिंगमध्ये ती अक्षरं जशीच्या तशी येतात. सियालिस या औषधाचं नाव घातलंत तर ‘स्पेशालिस्ट’ डॉक्टर गेले आणि ‘सोशालिस्ट’ही गेले, आणि मराठीत लिहिणाऱ्यांत समाजवादी काही कमी नाहीत. इंग्लंडमध्ये १९९६ साली स्कनथॉर्प गावच्या लोकांना गावाच्या नावातल्या अशाच चार अक्षरांमुळे एओएल या इंटरनेट सेवेवर खातं उघडता येईना. तेव्हापासून या दुखण्याला त्या गावाचंच नाव पडलंय. इतकी वर्षं होऊनही लोक याद्या भरतातच.

आता कॅप्चा. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राने पहिल्यांदा अक्षरं वाकडी करून दाखवली, कारण प्रोग्रॅम त्यांच्याकडे संकेतस्थळांच्या पत्त्यांचा रतीब घालत होते. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना नीट मांडली, कॅप्चा हे नावही त्यांचंच. २००७ मध्ये फॉन आनने रीकॅप्चा काढला. त्यात दोन शब्द यायचे: एक मशीनला माहीत असलेला, दुसरा जुन्या छापील मजकुरातला, जो मशीनला वाचता आलेला नाही. पहिल्यावरून तुमची परीक्षा, दुसरा तुमच्याकडून फुकटात वाचून घ्यायचा. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक असे वाचून झाले. २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं आणि पुढे घरांचे नंबर, मग रस्त्यावरची चित्रं आली. कल्पना हुशारीची होती, यात वाद नाही.

पण ती ज्या गृहीतकावर उभी होती ते केव्हाच कोसळलंय. २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केलं की त्यांचा प्रोग्रॅम सगळ्यात वाकडी अक्षरं ९९.८ टक्के अचूक वाचतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोठी चाचणी घेतली. वाकड्या अक्षरांना माणसांना ९ ते १५ सेकंद लागले आणि बरोबर आली ५० ते ८४ टक्के. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरत फिरणारे प्रोग्रॅम, तेच सेकंदाच्या आत आणि जवळजवळ न चुकता करतात. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रांचा रीकॅप्चा दरवेळी सोडवून दाखवला. आणि मशीन नको असेल तर माणसं आहेतच: २०१० च्या एका अमेरिकी अभ्यासात हजार कॅप्चा सोडवून द्यायचा बाजारभाव साधारण एक डॉलर निघाला. सोडवणाऱ्यांत भारतातलेही लोक होते. म्हणजे जो अडायला हवा तो अडत नाही, आणि अडतात तुमचे सत्तरीतले कथाकार.

ते का अडतात हेही बघून घ्या. चित्रांमध्ये विचारतात फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा रस्त्यावरचा नळ), अमेरिकी पट्ट्यांचे क्रॉसवॉक, पिवळी स्कूलबस. लातूरच्या लेखकाने लाल नळकांडं रस्त्याकडेला कधी पाहिलंय? दिसत नसेल त्याने ऐकायचं, तर ऐकवतात इंग्रजी, तेही घरघरीमागून. स्टॅनफर्डच्या २०१० च्या अभ्यासात ऐकायच्या कॅप्चाला सरासरी २८ सेकंद लागले, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक इंग्रजी कॅप्चांवर जास्त अडखळले.

‘मी रोबोट नाही’ ही साधी चौकट सोपी वाटते, पण तिची खरी अडचण कोणी सांगत नाही. चौकटीत खूण केली की मिळणारी मंजुरी दोनच मिनिटं टिकते. चौकट दिसली की आपली ज्येष्ठ मंडळी आधी खूण करतात आणि मग सावकाश नाव, पत्ता, परिचय भरतात. परिचय संपेपर्यंत मंजुरीही संपलेली. खाली लाल अक्षरांत इंग्रजी ओळ येते, ती कोणी वाचत नाही. ते ‘पाठवा’ दाबतात, काही होत नाही, पुन्हा दाबतात, आणि तुम्हाला फोन करतात. ‘तुमचं मशीन मला माणूस मानत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

नव्या प्रकारात काही विचारतच नाहीत, पाठीमागून ० ते १ मध्ये गुण देतात, ०.५ च्या खाली गेलात की संशयित. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना इंटरनेटवरच्या एकाच सार्वजनिक (आयपी) पत्त्यामागे बसवतात. त्यातल्या एकाच्या फोनमधला व्हायरस कचरा पाठवत असेल तर त्या पत्त्याची पत घसरते आणि तुमचा कवी विनाकारण त्यात भरडला जातो. त्याला कारण कळत नाही, तुम्हालाही कळत नाही. मला हा प्रकार सगळ्यात जास्त नावडतो.

मराठी कॅप्चा ठेवू का, असं अनेक जण विचारतात. शब्द टाइप करायला लावणारा नको. ‘ॲप’ मधला ॲ एका कळफलकावर एकच अक्षर म्हणून उमटतो, दुसऱ्यावर अ आणि वर चंद्र अशी दोन. ‘दुसऱ्या’तला अर्धा र देखील दोन प्रकारे साठतो. डोळ्यांना सारखेच दिसतात, मशीनला वेगळे. बरोबर लिहिणाराच नापास होईल.

मग ठेवायचं काय? तुमच्यासारख्या जागी येणारे बॉट तुमच्यासाठी लिहिलेले नसतात. ते लाखो फॉर्मवर एकच मजकूर एकाच पद्धतीने टाकत फिरतात. म्हणून जरा वेगळं काही दिसलं की गडबडतात. आणि इथे मराठीचा तुम्हाला फायदा आहे. जो नियम जगाच्या फिल्टरमध्ये तुमच्या विरुद्ध जातो, तोच तुमच्या दारात उलटा लावा: ‘साहित्य’ या रकान्यात देवनागरी अक्षरं नसतील आणि पीडीएफही जोडलेली नसेल तर नोंद घेऊ नका. यूनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ असा ठरलेला आहे, प्रोग्रॅमरला एका ओळीत तपासता येतं. कर्जं, जुगार, परदेशी औषधं आणि रशियन लिपीतला मजकूर यातला बहुतांश तिथेच गळतो. अडवताना मात्र मराठीत नीट सांगा: ‘मजकूर युनिकोड मराठीत दिसत नाही, कृपया फॉन्ट तपासा किंवा पीडीएफ जोडा.’ जुन्या फॉन्टवाल्यांनाही मग आपलं काय चुकलं ते जागच्या जागी कळतं.

त्याच्या जोडीला एक लपवलेला रकाना ठेवा. माणसाला तो दिसत नाही, बॉट दिसेल तो रकाना भरतो. भरला की नोंद बाजूला. यात एक खोच आहे. त्या रकान्याला ‘फोन’ किंवा ‘पत्ता’ असं नाव दिलंत तर ब्राउझर आपणहून माहिती भरतो आणि प्रामाणिक लेखक अडकतो. नाव अर्थहीन ठेवा, आपोआप भरणं बंद करा, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो दिसणार नाही अशी खूण करा, नाहीतर अंध लेखक त्यात काहीतरी लिहून बसेल. फॉर्म उघडल्यापासून तीन सेकंदांत भरून आला तर तोही बाजूला. मात्र वरची मर्यादा घालू नका. लोक फॉर्म उघडून ठेवतात, जेवून येतात, मग कविता चिकटवतात.

एवढ्यावर भागलं नाही तर एक साधा प्रश्न ठेवा: ‘या अंकाचं नाव काय?’ आणि उत्तराचे मराठी-इंग्रजी सगळे लिहिण्याचे प्रकार मान्य करा. चॅटजीपीटीसारख्या हल्लीच्या भाषा-प्रारूपांना त्याचं उत्तर सहज देता येईल, पण तुमच्या फॉर्मसाठी तो खर्च करायला अजून तरी कोणी बसलेलं नाही. तरीही काही हाताने येणारा कचरा राहील. तो माणसाने पुसायचा.

संशयित काहीही आपोआप खोडायचं नाही, बाजूला ठेवायचं. जीमेल स्पॅममधलं सगळं ३० दिवसांनी कायमचं पुसतो. तुमच्याकडे साहित्याचा ओघ जुलै-ऑगस्टमध्ये असतो, आणि स्पॅमची आठवण होते गणपतीनंतर, पानं लावताना. तेव्हा जुलैचं काहीच उरलेलं नसतं. कार्यालयात येणाऱ्या कोणाकडे तरी आठवड्यातून दोनदा स्पॅम बघण्याचं काम नावानिशी सोपवा. चांगलं सापडलं की ‘हे स्पॅम नाही’ दाबायचं, नुसतं उघडून वाचायचं नाही, म्हणजे त्या खात्याचा फिल्टरही हळूहळू शिकतो. आणि याहूवाल्या लेखकांची ती यादी झाली की त्यांना या आठवड्यातच फोन करा. नाकारलं गेलेलं त्यांचं साहित्य तुमच्याकडे आता कुठेच नसणार, पण त्यांच्याकडे प्रत असेल.